मराठीत बायबल अभ्यासायचंय? इथून सुरुवात करा

सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. केवढी ही चिकाटी!

आपण निदान नीट वाचूया:

१) मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. १६च अध्याय, एका बैठकीत होतात.

२) वचन सुटं वाचू नका. लूक १५ मधली उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. अध्यायाची पहिली दोन वचनं वाचली की कळतं, पाप्यांसोबत जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूश्यांना (नियमांबाबत काटेकोर असलेल्या यहुदी पंथातल्या लोकांना) येशूने दिलेलं हे उत्तर आहे.

३) तळटीपांतले संदर्भ उघडून पाहा.

४) दोन भाषांतरं शेजारी ठेवा. फरक दिसला की वहीत टिपा आणि जाणत्यांना विचारा.