अडवलेल्या आज्ञेचा निवाडा : अंतर्गत आभासीकरणातील एक प्रश्न

एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायझर म्हणतात. अशा एखाद्या आभासी यंत्रात दुसरा हायपरव्हायझर चालू लागला, की नेस्टेड, म्हणजे अंतर्गत, आभासीकरण घडते. विवेचनाच्या सोयीसाठी प्रत्यक्ष प्रोसेसरवर अधिकार असलेल्या हायपरव्हायझरास ‘मूळ’, त्याच्या आतील हायपरव्हायझरास ‘मध्यस्थ’ आणि मध्यस्थाच्या आश्रयाने चालणाऱ्या यंत्रास ‘अतिथी’ म्हणावे. अतिथीची आज्ञा अडवली गेल्यास तिचा निवाडा कोणी करावयाचा, हा येथील प्रश्न होय.

यंत्राच्या साधनांवर परिणाम करणारी किंवा त्यांची खरी स्थिती उघड करणारी आज्ञा नियंत्रकाच्या हाती पडलीच पाहिजे, हे तत्त्व जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली मांडले. इंटेलच्या प्रोसेसरांत २००५ पासून, तर एएमडीच्या प्रोसेसरांत २००६ पासून अशा अडवणुकीची सोय झाली. तथापि ही सोय एकाच पातळीची आहे. प्रोसेसर केवळ मूळ हायपरव्हायझरास ओळखतो. मध्यस्थ त्याच्या लेखी एक सामान्य आभासी यंत्रच असतो.

याचा परिणाम एका कल्पित कचेरीच्या दृष्टांताने स्पष्ट होईल. मोरा बंदरावरील कारकुनाचा वरिष्ठ जवळच उरणला बसतो. परंतु नियम असा, की प्रत्येक कागद प्रथम लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून मुंबईच्या मुख्य कचेरीत गेला पाहिजे. कागद उरणचा आहे असे तेथे ठरले, म्हणजे तो खाडी ओलांडून परत येतो. उरणच्या वरिष्ठाने उत्तर देताना नोंदवही पाहावयाची म्हटली, तरी पुन्हा मुंबईच गाठावी लागते.

अतिथीने प्रोसेसरची ओळख विचारणारी सीपीयूआयडी ही आज्ञा दिली, की इंटेलच्या प्रोसेसरवर नेमके हेच घडते. नियंत्रण प्रथम मूळ हायपरव्हायझराकडे जाते. व्यत्यय प्रत्यक्ष उपकरणाकडून आलेला असेल, तर बहुधा तो स्वतःच त्याचा निकाल लावतो व मध्यस्थास त्याची वार्ताही लागत नाही. सीपीयूआयडीचे उत्तर मात्र मध्यस्थाने द्यावयाचे असते. म्हणून मूळ हायपरव्हायझर अडवणुकीचे कारण मध्यस्थाच्या नियंत्रणपत्रकात नोंदवून त्याला जागे करतो. आपण स्वतःच अतिथीस अडविले, असे मध्यस्थास वाटते. पत्रक वाचण्याच्या, त्यात लिहिण्याच्या आणि अतिथीस पुन्हा चालू करण्याच्या त्याच्या आज्ञाही अडविल्या जातात. अखेरीस मूळ हायपरव्हायझर मध्यस्थाचे पत्रक व स्वतःचे पत्रक यांचा मेळ घालून तिसरे पत्रक सिद्ध करतो आणि त्यानुसार अतिथी पुढे चालतो. एका आज्ञेपोटी अशा अनेक खेपा होतात.

या खेपा कमी करता येतात. आयबीएमच्या हैफा येथील संशोधकांनी २०१० साली ‘टर्टल्स’ प्रकल्पात दाखविले, की नेहमीच्या कामांत अंतर्गत आभासीकरणाची गती एकपातळी आभासीकरणाच्या ६ ते ८ टक्क्यांच्या अंतरात आणता येते. इंटेलने २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरांत मध्यस्थासाठी छायापत्रकाची सोय केली, तेव्हापासून पत्रकातील पुष्कळशा वाचन-लेखनासाठी खेप करावी लागत नाही. नोंदवहीची प्रत उरणच्याच मेजावर ठेवण्यासारखे हे आहे.

परंतु गतीहून सुरक्षिततेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मध्यस्थाचे पत्रक हा परक्याने लिहिलेला कागद असतो. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायझरातील, एएमडी प्रोसेसरांसंबंधीच्या भागातील एक दोष २०२१ साली गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’तील फेलिक्स विल्हेल्म यांनी उघड केला. तेथे पत्रक मध्यस्थाच्या स्मृतीत असतानाच तपासले जाई व नंतर तेथूनच पुन्हा वाचले जाई. या दोन क्षणांच्या मध्ये मध्यस्थाला मजकूर बदलता येत असे, आणि त्या आधारे आभासी यंत्राची सीमा ओलांडून यजमान संगणकापर्यंत पोहोचणे शक्य होते. कागद आधी आपल्या ताब्यात घ्यावा, मग त्याची तपासणी करावी, हा त्यावरील उपाय होय.

तात्पर्य, अंतर्गत आभासीकरणात मध्यस्थाची सत्ता ही मूळ हायपरव्हायझराने जपलेला आभास असते. तो आभास मध्यस्थास खरा वाटला पाहिजे. मूळ हायपरव्हायझराने मात्र तो कधीही खरा मानता कामा नये.