आजी, तू गायलीस का?

मैत्रिणींनो, मिक्सर म्हटलं की आपल्याला चटणीच आठवते ना? मलाही तेच. पण गेल्या वर्षी एका वेगळ्याच मिक्सरनं मला अक्षरशः रडवलं.

आमच्या बचत गटांचा वार्षिक मेळावा होता. आठ जणींचं भजनी मंडळ, साथीला पेटी, ढोलकी, टाळ. सिडकोतल्या आमच्या ७२ वर्षांच्या आजी महिनाभर गवळण घोटत होत्या. त्या दिवशी ऐकू आली फक्त ढोलकी! साउंडवाला बायकांचा एकेक माइक वाढवायचा की लगेच शिट्टी. मग घाबरून सगळेच माइक खाली. कार्यक्रमानंतर नातवानं विचारलं, "आजी, तू गायलीस का?" आजी काही बोलल्या नाहीत.

यंदा मी दोन तास आधीच हॉलवर जाऊन बसले. साउंडला दुसरा मुलगा होता. म्हणाला, "काकू, तुमचे गट असतात ना, तसेच इथंही करू." आणि खरंच की! आपल्या गटात प्रत्येकीचं पासबुक वेगळं, पण बँकेशी व्यवहार गटाच्या एकाच खात्यातून. त्यानं आधी आठही जणींचे आवाज एकमेकींशी जुळवून घेतले आणि ते माइक एका गटात टाकले. ढोलकी, टाळ, पेटी दुसऱ्या गटात. निवेदिकेचा माइक वेगळाच. आता बोटाखाली सरकवायची बटणं, म्हणजे फेडर, तीनच. ढोलकी चढली की दुसरा गट जरा खाली. बायकांचा आपसातला तोल जागेवर. एक चूक हमखास होते म्हणे. माइक गटातही असतो आणि थेट मुख्य आवाजालाही जोडलेला राहतो. मग गटाचा फेडर खाली ओढला तरी आवाज येतच राहतो!

बाहेर जाणारा आवाजही वाटून द्यावा लागतो, हे मला नवीनच. गाणारीला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की ती ओरडते आणि सूर सुटतो. म्हणून मंचावरच्या स्पीकरला, मॉनिटरला, वेगळी जोडणी. हॉलचा आवाज कमी केला तरी तिच्या कानावरचा बदलत नाही. त्यात तिचा आवाज आणि पेटी भरपूर, ढोलकी नावापुरती.

शिट्टी मात्र गट केल्यानं जात नाही हं! माइक तोंडाजवळ हवा आणि स्पीकरच्या पुढ्यात न्यायचा नाही. आपण बायका तो लाजून पोटाशी धरतो. मग आवाज वाढवावा लागतो आणि तो किंचाळतो.

वेरूळ-अजिंठा महोत्सवासारख्या मोठ्या कार्यक्रमांत मिक्सर प्रेक्षकांतच मांडतात, म्हणजे लोकांना जे ऐकू येतं तेच साउंडवाल्यालाही येतं. आमचा गेल्या वर्षी पडद्यामागच्या कोपऱ्यात होता. यंदा चार खुर्च्या काढायला लावून तो हॉलमध्ये आणला. खुर्च्यांवरून थोडी कुरकुर झाली, होऊ दे.

आजींची गवळण झाली. नातू धावत मंचावर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, दुसऱ्या कडव्यात तू खोकलीस ना?"