जुन्या विमानास नवा पट्टा

घरच्या जुन्या मोटारीस नवा दिवा बसवावयाचा असला, म्हणजे आपण ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जातों, दर ठरवितों आणि सायंकाळच्या आंत काम उरकून घरीं येतों. हीच गोष्ट जुन्या लहान विमानाच्या बाबतींत करावयाची झाल्यास काय काय सोपस्कार करावे लागतात, हें प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस गेल्या वर्षीं अमेरिकेंत आला. आमचा पुतण्या तेथें नोकरीस आहे. त्यानें व त्याच्या तिघां मित्रांनीं मिळून 'सेस्ना १७२' जातीचें चार आसनांचें एक विमान विकत घेतलें आहे. विमान १९६६ सालचें. म्हणजे आमच्याहून पांच-सहा वर्षांनींच धाकटें. आम्ही निघालों तेव्हां वहिनींनीं एकच कामगिरी सांगितली होती: "भावजी, तें विमान धड आहे कीं नाहीं, तेवढें डोळ्यांनीं पाहून या. सूनबाई नि नात त्यांत बसतात. मला इकडे झोंप येत नाहीं."

विमानविद्येंत आमची गति शून्य. सारें आयुष्य मुलांना व्याकरण शिकविण्यांत गेलें. परंतु दोन महिने विमानशाळेच्या दाराशीं बसून पाहतां पाहतां आमच्या ध्यानांत आलें कीं, ह्या विद्येलाही एक व्याकरण आहे आणि तें चांगलेंच कडक आहे.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. इतकीं जुनीं विमानें अद्याप उडतात तरी कां? 'सेस्ना १७२' चें उत्पादन १९५६ सालीं सुरू झालें व आजवर ह्या जातीचीं चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमानें तयार झालीं. दुसऱ्या कोणत्याही जातीचीं इतकीं विमानें आजवर झालेलीं नाहींत. परंतु १९८६ पासून सुमारें दहा वर्षें हें उत्पादन बंद होतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं विकलेल्या विमानास अपघात झाला तरी भरपाईचा दावा कारखान्यावर येई, आणि त्या ओझ्याखालीं कारखानदार वांकले होते. १९९४ सालीं अमेरिकेच्या विधिमंडळानें ह्या जबाबदारीस अठरा वर्षांची मर्यादा घातली; तेव्हां कोठें कारखाने पुनः हललें. मधल्या काळांत लोकांनीं जुनींच विमानें सांभाळलीं. जुनें म्हणजे मोडकें असें मात्र नव्हे. दर वर्षीं अधिकृत तपासनिसाकडून विमान उघडून संपूर्ण तपासून घ्यावें लागतें. त्यावांचून तें उडवितां येत नाहीं.

आमच्या पुतण्याच्या मनांत दोन सुधारणा होत्या. पहिली म्हणजे क्षितिजदर्शक यंत्राची. ढगांत शिरल्यावर वैमानिकास वर कोणतें नि खालीं कोणतें हें शरीराच्या जाणिवेवरून कळत नाहीं; तें ह्या यंत्रावरून पाहावें लागतें. जुन्या यंत्रांत एक भोंवरा असतो आणि इंजिनावर चालणाऱ्या पंपानें हवा ओढून तो फिरता ठेवलेला असतो. पंप बंद पडला तर भोंवरा एकदम थांबत नाहीं. तो हळूहळू मंदावतो, आणि तेवढा वेळ यंत्र खोटें क्षितिज दाखवीत राहतें. ह्याऐवजीं विजेवर चालणारें, पडद्याचें यंत्र त्यास हवें होतें.

दुसरी सुधारणा पट्ट्यांची. त्या विमानांत कमरेचे पट्टे तेवढे होते, खांद्याचे नव्हते. १८ जुलै १९७८ नंतर तयार झालेल्या लहान विमानांत पुढील आसनांस खांद्याचे पट्टे असलेच पाहिजेत, असा तेथील नियम आहे. त्यापूर्वींच्या विमानांस त्यांतून सूट आहे. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें १९८५ सालीं अपघातांचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला कीं, खांद्याचे पट्टे असते तर मृत्यु पावलेल्यांपैकीं शेंकडा २० माणसें वांचूं शकलीं असतीं, आणि जबर जखमी झालेल्यांपैकीं शेंकडा ८८ जणांच्या इजा पुष्कळच सौम्य झाल्या असत्या. ह्या वर्षीं पैसा एकाच सुधारणेपुरता होता. पुतण्याचा ओढा पडद्याकडे, आमचा पट्ट्याकडे. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. पण त्या आमच्या बाजूच्या आहेत, हें आम्हीं ओळखलें.

आतां त्या व्याकरणाकडे वळूं. कारखान्यानें विमानाचा एखादा नमुना तयार केला, म्हणजे सरकार त्याचे आराखडे, बळकटी आणि उड्डाण यांची परीक्षा करून त्यास प्रकार-प्रमाणपत्र देतें. अमेरिकेंत असें पहिलें प्रमाणपत्र मार्च १९२७ मध्यें 'बूल एअरस्टर' नांवाच्या विमानास मिळालें. हें प्रमाणपत्र म्हणजे मूळ सूत्रपाठ. त्या नमुन्याचें प्रत्येक विमान त्या पाठाबरहुकूम असलें पाहिजे. मालकाच्या मर्जीनें त्यांत काना-मात्रेचाही फरक चालत नाहीं.

पण साठ वर्षांत काळ बदलतो, भाग झिजतात, नवीं साधनें निघतात. कात्यायनानें पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकें रचून जें सांगावयाचें राहिलें होतें तें सांगितलें, त्याप्रमाणें येथेंही एक सोय आहे. तिला पूरक प्रकार-प्रमाणपत्र म्हणतात. एखादी कंपनी वा व्यक्ति एखादा फेरफार योजते, उदाहरणार्थ मूळचें १४५ अश्वशक्तीचें इंजिन काढून १८० अश्वशक्तीचें बसविणें. त्याचीं गणितें व चांचण्या संघीय विमान-प्रशासनापुढें मांडते. आणि पसंत पडल्यास त्या फेरफारापुरतें प्रमाणपत्र मिळवते. मग तो फेरफार त्या जातीच्या इतर विमानांवर करतां येतो. मात्र प्रमाणपत्र ज्याचें आहे त्याची लेखी संमति प्रत्येक मालकास घ्यावी लागते.

सगळेच बदल इतके भारी नसतात. झिजलेल्या भागाच्या जागीं तसाच मान्यताप्राप्त भाग घालणें ही केवळ दुरुस्ती होय. वजन, तोल, बळकटी, इंजिनाचें कार्य आणि उडण्याचे गुण यांवर ज्याचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाहीं, तो किरकोळ फेरफार. त्यास परवानाधारक कारागिरानें नोंदवहींत नोंद करून सही केली म्हणजे पुरे. ज्याचा असा परिणाम संभवतो तो मोठा फेरफार. त्यासाठीं मान्य आधार लागतो, काम झाल्यावर वरिष्ठ तपासनिसाची तपासणी लागते, आणि '३३७' क्रमांकाचा नमुना भरून त्याची एक प्रत मालकास व दुसरी अठ्ठेचाळीस तासांच्या आंत ओक्लाहोमा सिटी येथील नोंदणी-कचेरीस द्यावी लागते. याशिवाय सरकारी आदेश निघतात ते निराळेच. ह्या जातीच्या विमानांत उड्डाणाच्या ऐन वेळीं वैमानिकाचें आसन रुळावरून मागें घसरून अपघात झाले होते. म्हणून १९८७ सालच्या आदेशानें रुळांचीं भोकें व खिळे वारंवार तपासणें सक्तीचें झालें आहे.

वजनाचा हिशेब आम्हांस विशेष आवडला, कारण तें शाळेंतलें तराजूचें गणित आहे. समजा, रिकामें विमान १,३०० पौंडांचें असून त्याचा गुरुत्वमध्य इंजिनामागच्या पोलादी पडद्यापासून ३७ इंचांवर आहे. गुणाकार ४८,१००. आतां मागें सामानाच्या जागीं, ९५ इंचांवर, दहा पौंडांची वस्तु कायमची बसविली. तिचा गुणाकार ९५०. बेरीज ४९,०५०, तिला १,३१० नें भागिलें म्हणजे सुमारें ३७.४४ येतात. दहा पौंडांनीं तोल जवळजवळ अर्धा इंच मागें सरकला! तोल ठरलेल्या मर्यादेच्या मागें गेला, तर विमान वैमानिकाच्या हातांत राहत नाहीं. म्हणून प्रत्येक भाग बसवितांना वा काढतांना हा हिशेब नव्यानें मांडून विमानांत ठेवावा लागतो.

अखेर पट्टे आधीं घेण्याचें ठरलें. येथें मात्र पुतण्याची पुणेरी काटकसर आड आली. त्यानें मोडीत काढलेल्या एका विमानाचे जुने पट्टे स्वस्तांत मिळविले आणि मोठ्या उत्साहानें तपासनिसापुढें ठेविले. त्या वृद्ध गृहस्थांनीं पट्टा उलटसुलट करून पाहिला. त्यावरची मान्यतेची चिठ्ठी निघून गेली होती. तो कोणत्या विमानांतून काढला, याचा कागद नव्हता. आणि उन्हानें विटून वीण कडक झाली होती. त्यांनीं तो परत केला आणि शांतपणें म्हणाले, "हा मजबूत नाहीं असें मी म्हणत नाहीं. हा मजबूत आहे हें तुम्हांला दाखवितां येत नाहीं, एवढेंच म्हणतों."

पुतण्या घरीं येऊन चिडला. "काका, हा निव्वळ कागदी घोडा! पट्टा नसण्यापेक्षां जुना पट्टा बरा नव्हे काय?"

त्याचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. मान्यतेचा खर्च फार वाढला म्हणजे लोक सुधारणाच करीत नाहींत, आणि सुरक्षिततेसाठीं केलेला नियम सुरक्षिततेच्या आड येतो. हें पुढें प्रशासनासही उमगलें. २०१४ सालीं पंखाचा हवेशीं होणारा कोन दाखविणाऱ्या यंत्रास सोपी वाट करून देण्यांत आली. २०१६ सालीं अनावश्यक परंतु उपकारक अशा इतर साधनांनाही तशी सवलत मिळाली. आणि त्याच वर्षीं विजेच्या क्षितिजदर्शकांना शेंकडों जातींच्या जुन्या विमानांसाठीं पूरक प्रमाणपत्रें मिळून तीं सामान्य मालकाच्या आवांक्यांत आलीं.

पण पट्ट्याच्या बाबतींत आम्ही तपासनिसाच्या बाजूचे. अपघाताच्या क्षणीं पट्ट्यावर माणसाच्या वजनाच्या कित्येक पट ओढ बसते. पट्टा टिकला तरी तो ज्या छताच्या पत्र्यास अडकविला तो टिकेल काय, हा खरा प्रश्न. आणि त्याचें उत्तर डोळ्यांनीं पाहून मिळत नाहीं. तें कोणी तरी आधीं गणितानें वा ओढून पाहून काढलेलें असावें लागतें. कागद म्हणजे त्या परीक्षेची साक्ष.

महिन्याभरानें पुतण्यानें पूरक प्रमाणपत्र असलेला नवा संच मागविला. काम दोन दिवसांत झालें. त्यापूर्वीं जुन्या नोंदवह्या चाळण्यांतच एक दिवस गेला. पूर्वीं बसविलेल्या एखाद्या भागाशीं हा नवा भाग विसंगत तर नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी बसविणाऱ्याची असते. प्रत्येक फेरफार एकेकटा निर्दोष असूनही दोहोंचें एकमेकांशीं जमेल असें नाहीं. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको!

भारतांतही रचना बरीचशी अशीच आहे. येथें प्रकार-प्रमाणपत्रें आणि फेरफारांच्या मान्यता नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे आहेत. १९३४ सालचा विमान कायदा जाऊन त्याच्या जागीं भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. जुहूच्या विमानतळावर १९२८ सालीं 'बाँबे फ्लाइंग क्लब' निघाला, तेव्हांपासून आपल्याकडील मुलें लहान विमानांवरच हा विद्येचा ओनामा गिरवीत आलीं आहेत. त्या मुलांच्या आईबापांनींही हें जाणून असावें.

परतण्यापूर्वीं एका रविवारीं आम्हीही त्या विमानांत बसलों. पुतण्यानें स्वतः आमचा खांद्याचा पट्टा ओढून पाहिला, मागें वळून सूनबाईंचा व नातीचा पाहिला, आणि मगच इंजिन सुरू केलें. मागील आसनांसही पट्टे घेतल्यानें त्याचा पडदा आणखी एक वर्ष लांबणीवर पडला होता. तोंवर ढगांत शिरावयाचें नाहीं, असें त्यानें सूनबाईंना वचन दिलें आहे.

घरीं आल्यावर वहिनींनीं विचारलें, "मग, धड आहे ना तें विमान?" आम्हीं सांगितलें, "वहिनी, तें धड आहे असें म्हणण्याचा अधिकार आमचा नव्हे. ज्याचा आहे, त्यानें तपासून सही केली आहे, आणि ती सही आम्हीं डोळ्यांनीं पाहिली."