आळीपाळीनं रचलेलं गाणं

चार गावांतल्या चौघांनी इंटरनेटवरून मिळून गाणं रचायचं ठरवलं, की आधी सगळ्यांना एकाच वेळी व्हिडिओ कॉलवर जमवलं जातं. मग ताल चुकतो आणि दोष परभणीच्या नेटवर्कला दिला जातो. खरी अडचण पद्धतीत आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कॉलवर १०० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, म्हणजे तबलजी गायिकेपासून ३४ मीटर लांब बसला. उशीर तीसेक मिलिसेकंदांच्या पुढे गेला की ठेका धरणं अवघड होतं. परभणी ते पुणे हे अंतर फायबरमधला प्रकाश काही मिलिसेकंदांत कापतो; बाकीचा वेळ आवाज आक्रसून पाठवण्यात, पलीकडे साठवून उलगडण्यात आणि मोबाइल टॉवरवर जातो. शिवाय ही यंत्रणा बोलण्यासाठी केलेली आहे. तानपुऱ्याचा अखंड सूर तिला गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकते.

म्हणून लांब राहून गाणं रचायचं तर ते आळीपाळीनंच रचावं, आणि ही रीत परभणी जिल्ह्याला शिकवावी लागणार नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी, आणि जनाबाई म्हटलं की जातं आठवतंच. जात्याला दोघी समोरासमोर बसतात, खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं वैरण घालताना ओवीचा चरण म्हणायचा, दुसरीनं तो उचलायचा, मध्ये ‘गं बाई’ घालून लांबवायचा, कधी एखादा शब्द फिरवून आपल्या भावाचं नाव त्यात बसवायचं. चालीला बाया ‘गळा’ म्हणतात; तोही गावागणिक बदलतो. लेक सासरी गेली की ओवी तिच्याबरोबर जाते आणि तिथल्या जावा-नणंदा तिला पुढे वाढवतात. एकमेकींना कधीही न भेटलेल्या बायांनी मिळून केलेली ही रचना आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून हजाराहून अधिक गावांतल्या लाखावर ओव्या नोंदल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आहे. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर हा ठेवा गायिकेच्या आणि गावाच्या नावासह प्रसिद्ध होतो आहे.

आळीपाळीच्या या रीतीवर जाणकारांचा एक आक्षेप रास्त आहे. आळीपाळीनं ध्वनिमुद्रण करायचं तर सगळ्यांना कानात एकच यांत्रिक ठोका ऐकत गावं लागतं. जात्याची लय तशी नसते. दाणे जास्त पडले की जातं जड होतं आणि गाणंही संथ होतं. ठोक्यावर बसवलेली ओवी निर्जीव होईल. पण ठोका आधी हवाच, असं कुठं आहे? आधी फक्त पट्टी ठरवा, काळी एक की काळी चार. मग मोकळा आवाज पहिल्यांदा मुद्रित करा. ढोलकीवाल्यानं तो ऐकून त्याच्यामागून जावं, पेटीवाल्यानं त्यानंतर. काम वाढतं, चार-चारदा वाजवावं लागतं, पण लय गाणारीच्या हातात राहते. समोरासमोरची नजर मात्र या पद्धतीत मिळत नाही. ती उणीव मान्यच करावी लागेल.

दुसरा प्रश्न मालकीचा, आणि तो जास्त गंभीर आहे. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात संयुक्त कृती म्हणजे कर्त्यांचे वाटे वेगळे काढता येत नाहीत अशी कृती. शब्द आणि संगीत यांना मात्र कायदा स्वतंत्र कृती मानतो. फायली या फोनवरून त्या फोनवर फिरताना पहिली गायिका गळते, आणि गाणं शेवटी जोडणी करणाऱ्या संगीतकाराचं होऊन बसतं. ‘ओवी तर सगळ्यांचीच’ हे म्हणणं इथे सोयीस्कर ठरतं. शब्द परंपरेचे असतील, पण आवाज एका बाईचा असतो आणि त्या वेळचा गळाही तिचाच. म्हणून मिळून गाणं करायला बसणाऱ्यांनी पहिल्याच फायलीच्या नावात गायिकेचं नाव, गाव आणि तालुका लिहावा, पुढे पाठवताना ते पुसू नये, आणि गाण्यातून पैसे आलेच तर पहिला वाटा तिच्या घरी पोचवावा.