संदेशाची पाकिटे

तीन लाख बाइटांचा एक फोटो तुम्ही मोबाइलवरून दुबईच्या मामूंना पाठवता. क्षणभरात तो त्यांना दिसतो. पण हा फोटो अखंड जात नाही. त्याचे दोनशेहून अधिक तुकडे होऊन जातात. असे का करतात?

पूर्वी टेलिफोनवर दोघे बोलू लागले, की त्यांच्यामधील मार्ग त्यांच्यासाठीच राखून ठेवला जाई. ते गप्प बसले, तरी तो दुसऱ्यांना मिळत नसे. तार मध्येच तुटली, तर बोलणेच बंद पडे. अणुयुद्धात टेलिफोनची मोठी केंद्रे नष्ट झाली, तर संदेश कसे पोहोचणार, ही चिंता अमेरिकेतील पॉल बॅरन यांना होती. त्यांनी १९६४ साली यावरील उपाय सविस्तर मांडला : संदेशाचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला मिळेल त्या वाटेने जाऊ द्यावे. ब्रिटनमधील डोनाल्ड डेव्हिस यांना १९६५ साली हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. या तुकड्यांना 'पॅकेट', म्हणजे पाकीट, हे नाव त्यांनीच दिले.

आता ही पाकिटे कशी जातात, ते पाहू. एका पाकिटात साधारणपणे १५०० बाइटांपर्यंत माहिती मावते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रमांक असतो. वाटेत राउटर नावाची यंत्रे असतात. राउटर पत्ता वाचतो आणि पाकीट पुढच्या राउटरकडे धाडतो. एक वाट बंद असेल, तर तो दुसरी वाट निवडतो. त्यामुळे शंभरावे पाकीट नव्व्याण्णवाव्याच्या आधीही पोहोचू शकते. घेणारा संगणक क्रमांक पाहून सर्व पाकिटे ओळीने जुळवतो आणि मिळालेल्या पाकिटांची पोच देतो. एखाद्या पाकिटाची पोच आली नाही, तर पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवतो. एकाच तारेतून हजारो लोकांची पाकिटे जातात. कोणासाठीही ती अडून राहत नाही.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी 'अर्पानेट' या जाळ्यावरून पहिला संदेश गेला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून सुमारे ५०० किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. त्यातील 'एल' आणि 'ओ' ही दोनच अक्षरे पोहोचली आणि तिकडचा संगणक बंद पडला. सुमारे तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला आणि तो यशस्वी झाला.

आजचे इंटरनेट याच पद्धतीवर चालते. समुद्राखालची एखादी केबल तुटते, तेव्हा वेग मंदावतो. पण दुसरी वाट शिल्लक असेल, तर पाकिटे त्या वाटेने पुढे जातात.