तीन व्हायल, ३३० युनिट

पीएनएच या दुर्मिळ आजारात तांबड्या पेशी आपल्याच प्रतिकारयंत्रणेच्या माऱ्याने फुटतात. तो मारा रोखणारं रॅव्हुलिझुमॅब, म्हणजे अल्टोमिरिस, अमेरिकेत डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर झालं. औषध अतिशय महाग, त्यामुळे विम्याच्या बिलासाठी उपचारांना कोड देण्याच्या कामातली, म्हणजे कोडिंगमधली, छोटी चूकही जड जाते. अमेरिकी रुग्णालयांचं कोडिंग पुण्या-मुंबईतही चालतं, म्हणून पुढचे समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : एक व्हायल म्हणजे एक युनिट.
वस्तुस्थिती : या औषधाचा कोड जे१३०३. त्याचं एक युनिट १० मिलिग्रॅमचं. पीएनएच असलेल्या ८० किलो वजनाच्या प्रौढाला सुरुवातीच्या डोसनंतर दर आठ आठवड्यांनी ३,३०० मिलिग्रॅम शिरेतून देतात. ११०० मिलिग्रॅमच्या तीन व्हायल लागतात, पण विमा कंपनीला पाठवायच्या क्लेमवर युनिट ३३०. तिथे ३ लिहिलं, तर बिल फक्त ३० मिलिग्रॅमचं होतं.

गैरसमज : औषध वाया गेलं नाही, तर मॉडिफायर नको.
वस्तुस्थिती : एकदाच वापरायच्या व्हायलमधलं औषध टाकून दिलं, तर तेवढे युनिट वेगळ्या ओळीत जेडब्ल्यू हा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची दोन अक्षरं, लावून दाखवायचे. काहीच टाकलं नाही, तर जेझेड. मेडिकेअर या अमेरिकी सरकारी विमा योजनेने १ जुलै २०२३ पासून जेझेडही सक्तीचा केला. वरच्या डोसला तोच लागतो.

गैरसमज : औषधाचा कोड बरोबर असला की पैसे मिळतात.
वस्तुस्थिती : हेच औषध मायस्थेनिया ग्रॅव्हिससारख्या वेगळ्या आजारातही देतात. पीएनएचसाठी निदानाचा कोड डी५९.५ हवा. नुसता ‘ॲनिमिया’ नोंदवला, तर औषध कशासाठी दिलं ते क्लेमवरून कळत नाही. पूर्वपरवानगीसाठी फ्लो सायटोमेट्रीचा अहवाल आणि मेनिंगोकॉकल लशींची नोंदही तयार ठेवावी.

गैरसमज : स्वतंत्र कोड नसेल, तर क्लेम करता येत नाही.
वस्तुस्थिती : जे१३०३ लागू झाला १ ऑक्टोबर २०१९ पासून, मंजुरीनंतर नऊ-दहा महिन्यांनी. अशा मधल्या काळात जे३५९० हा अवर्गीकृत कोड वापरता येतो. सोबत औषधाचं नाव, दिलेली मात्रा आणि एनडीसी, म्हणजे औषधाचा अमेरिकी ओळख क्रमांक, द्यावा लागतो.

गैरसमज : क्लेम परत आला म्हणजे विषय संपला.
वस्तुस्थिती : युनिट किंवा मॉडिफायर चुकला असेल, तर दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. उपचाराची गरजच अमान्य केली असेल, तर अपील करता येतं. दोन्हींना मुदत असते. औषध थांबलं की पेशी पुन्हा फुटू लागतात आणि पुढचा डोस आठ आठवड्यांवर असतो. म्हणून परत आलेला क्लेम पडून राहता कामा नये. तो त्याच दिवशी उघडून पाहणं हे रुग्णाच्या उपचाराचंच काम आहे.