माळ, शेरडं आणि खैराचं बी

पुण्याहून साताऱ्याला निघालेली एसटी नीरेचा पूल ओलांडते आणि सातारा जिल्ह्यातलं पहिलं मोठं गाव लागतं, ते आमचं शिरवळ. सातारा म्हटलं की बाहेरच्या माणसाला महाबळेश्वरचं धुकं आठवतं, कासची फुलं आठवतात. आमचा खंडाळा तालुका त्यात कुठेच नसतो. (लोणावळ्याजवळचा खंडाळा तो वेगळा, हे आम्हाला जन्मभर सांगावं लागतं.) महाबळेश्वर इथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही नाही. तिथे वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आमच्यापर्यंत येईतो ढगांच्या पखाली रित्या झालेल्या असतात. पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तर साल बरं गेलं म्हणायचं.

या गावात मी तीस वर्षं मास्तरकी केली. १९८६ च्या पावसाळ्यात वर्गातली पोरं घेऊन गावाबाहेरच्या मुरमाड उतारावर झाडं लावली. त्या काळी सामाजिक वनीकरणाचे वारे होते. रोपं फुकट मिळायची आणि ती बहुतेक गिरिपुष्पाची नाहीतर सुबाभळीची असायची. गिरिपुष्प जगलं, वाढलं, माघ-फाल्गुनात गुलाबी फुलांनी लगडलं. मी वर्षानुवर्षं पाहुण्यांना तो उतार अभिमानाने दाखवत असे. निवृत्तीनंतर सकाळी तिथे फिरायला जाऊ लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. झाडं होती, पण आवाज नव्हता. घरटं क्वचितच दिसे, आणि गुरंही त्या पाल्याला फारसं तोंड लावत नसत. हे झाड मध्य अमेरिकेतलं. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी ‘उंदीरमार’. हिरवा रंग आणि जंगल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळायला मास्तरांना बरीच वर्षं लागली.

पुढे राज्यात वृक्षलागवडीचे मोठमोठे आकडे ऐकू येऊ लागले. २०१६ साली दोन कोटी, मग चार, मग तेरा, आणि २०१९ साली तेहतीस कोटी. पण मला ओढ लागली ती आमच्याच जिल्ह्यातल्या वेळेकामठीच्या सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’ची. सिनेमातला खलनायक गावोगाव देशी झाडं लावत हिंडतो, याचं आधी कुतूहल वाटलं. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर त्यांनी वृक्षसंमेलन भरवलं आणि अध्यक्षपद दिलं एका वडाच्या झाडाला. साहित्य संमेलनांचे अध्यक्ष पाहिलेल्या माणसाला ही निवड फारच बिनविरोध आणि निर्विवाद वाटली!

आम्ही सहा-सात निवृत्त मंडळी कामाला लागलो. नीरेपलीकडे पुरंदरात नायगाव आहे (सावित्रीबाईंचं नायगाव आमच्या तालुक्यातलं, हे दुसरं). तिथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची सुमारे चाळीस एकर पडीक जमीन घेऊन आधी बांध घातले, पाणी अडवलं, माती धरली. पाणीपंचायतीची सुरुवात ती. तो धडा गिरवत आम्ही पहिल्या वर्षी एकही रोप न लावता उतारावर समपातळीत चर खणले.

मग बिया. खैर, हिवर, बोर, पळस, बाभूळ. धावडा मात्र रुसला. त्याच्या शंभर बियांतून चार उगवल्या तरी नशीब. बरंचसं बी आम्ही पहारीने भोक पाडून थेट जमिनीत टाकलं. प्लास्टिकच्या पिशवीत मूळ गुंडाळी करून बसतं आणि पुढे मुरमात उतरायला कचरतं. जागेवर उगवलेला खैर वर वीतभर दिसतो, पण त्याआधी तो खाली उतरलेला असतो. हे पुढे कामी आलं.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत वणवा लागला. दुपारी धूर दिसला, आम्ही पोचेपर्यंत सारा उतार काळा. माझी छाती दडपली. आणि दडपलेल्या छातीने माणूस बोलू नये ते बोलतो. उताराशेजारी एका धनगर आबांचा वाडा आहे. मुलगा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतो, म्हातारा शेरडं सांभाळत मागे राहतो. नवं गवत फुटावं म्हणून यानेच काडी लावली असणार, असं मी चारचौघांत बोललो.

आबा दुसऱ्या दिवशी घरी आले. ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, “काय वं गुरुजी, गवात जाळल्याव मी शेरडांस्नी काय चारू, दगडं?” मला उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, हे चेहऱ्यावरून कळलं नाही. जाताना म्हणाले, “आन् वरच्या सपाटीव खड्डं घेऊ नगा. त्यो गवताचा माळ हाय.”

आम्ही त्या सपाटीवर चारशे खड्डे आखले होते. सरकारदरबारी ती ‘पडीक’; आमच्या लेखी ‘उजाड’. पण तिच्यावर माझ्या आजोबांच्या काळीही झाड नव्हतं. तिथे पवन्याचं, कुसळीचं गवत, चंडोलांची घरटी जमिनीवर, कधीमधी लांडग्याचा माग. बारामती तालुक्यात सुप्याला चिंकारा हरणांसाठी मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, तेही असंच गवताचं आणि काटेरी झुडपांचं. तिथे उद्या कोणी दाट वन उभं केलं, तर चिंकारा जाईल कुठे? सगळ्या मोकळ्या जमिनीला झाडांची भूक नसते. आम्ही सपाटीवरची आखणी पुसली. दोघे सोबती रागावून सोडून गेले. त्यांनी देणगीदारांना दोन हजार झाडांचा शब्द दिला होता.

जूनच्या दुसऱ्या पावसानंतर एकटाच उतारावर गेलो. जळक्या खुंटांपाशी बसलो तर बुडाशी तांबूस कोंब. एक, दोन, मग चरांच्या ओळीने दिसतच गेले. खैर, हिवर, पळस, बोर. पाचशे अकरा लावल्याची नोंद वहीत होती. त्यांतले तीनशे एकवीस पुन्हा फुटले होते.

आता बाभळीचं बी आम्ही विकत आणत नाही. शेरडं शेंगा खातात, कठीण बी त्यांच्या पोटातून मऊ होऊन पडतं आणि चटकन रुजतं. मृगाआधी आबांची सून वाड्यातलं झाडून-चाळून गोणीत भरून ठेवते. यंदा मी गोणी आणायला गेलो, तर आबा म्हणाले, “गुरुजी, कुंपान जरा अल्याड घ्या. पान्याव जायाची वाट अडती.” दुसऱ्या दिवशी पहार घेऊन गेलो आणि कुंपण बारा पावलं मागे घेतलं.